दमा आणि वाढलेलं आयजीई: एबीपीए म्हणायचं का?

प्रश्न: जुना दमा, एकूण आयजीई (रक्तातलं ॲलर्जीचं प्रतिपिंड) १४००, खोकल्यातून तपकिरी चिकट गुठळ्या पडतात. थुंकीत टीबी नाही. एवढ्यावर एबीपीए (ॲस्परजिलस बुरशीच्या ॲलर्जीने होणारा फुप्फुसाचा आजार) ठरतं का?

प्रतिसाद १: नाही. आधी ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीविरुद्धचं विशिष्ट आयजीई करा. ०.३५ किंवा वर हवं, आणि एकूण ५०० च्या वर, ते आहेच. मग त्याच बुरशीविरुद्धचं आयजीजी (दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड), रक्तातले इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी; ५०० किंवा जास्त) आणि छातीचा सीटी, यांतल्या दोन गोष्टी जुळायला हव्यात. इओसिनोफिल स्टेरॉइडच्या गोळ्यांआधीच मोजा, नंतर आकडा पडतो.

प्रतिसाद २: सीटीत साचलेला कफ शेजारच्या स्नायूपेक्षा पांढरा दिसला की निदान जवळपास पक्कं. आपल्याकडे अशा सावलीवर टीबीची औषधं सर्रास सुरू होतात, हेच खरं दुखणं.

प्रतिसाद ३: इट्राकोनॅझोल (बुरशीविरोधी औषध) लिहून दिलं तर साधी कॅप्सूल जेवणासोबतच घ्यायची, पँटोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) चालू असेल तर ती नीट शोषली जात नाही. बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. इट्राकोनॅझोलमुळे पंपातलं स्टेरॉइड शरीरात साचतं, चेहरा गोल होतो, साखर चढते. बेक्लोमेथासोनला हा त्रास कमी. आयजीई दर ८ आठवड्यांनी बघा, पण ते नॉर्मलला यायची वाट बघू नका. बहुतेकांचं येत नाही.