मदत हवी आहे: ‘द पियानो टीचर’विषयी

मिखाएल हानेके यांच्या २००१ सालच्या या चित्रपटाने माझी निराशा केली. व्हिएन्नातील संगीत-अध्यापिका एरिका आणि तिच्यावर सतत करडी नजर ठेवणारी आई यांच्या घरातील कोंडमारा एरिकाच्या भूमिकेत इझाबेल ह्युपेर यांनी विलक्षण ताकदीने उभा केला आहे (कान चित्रपट महोत्सवातील अभिनयाचा पुरस्कार त्यांना उगाच मिळालेला नाही). परंतु एरिका आपल्या लैंगिक इच्छा लिहून एका विद्यार्थ्याला जे पत्र देते, त्यानंतर तिची वासना उलगडण्याऐवजी केवळ प्रेक्षकाला धक्के देण्यासाठी वापरल्यासारखी वाटते. शिवाय जर्मनभाषक व्हिएन्नात सगळे फ्रेंच बोलतात! एल्फ्रिडे येलिनेक यांची १९८३ सालची मूळ कादंबरी ज्यांनी वाचली आहे, त्यांनी कृपया सांगावे की, एरिकाच्या या दमनाची मुळे तिथे अधिक स्पष्ट होतात का, आणि चित्रपटातील संगीतकार शुबर्टच्या गीतांचा संदर्भ ठाऊक नसल्यामुळे माझ्या हातून काही निसटले असेल का?