पश्चिम घाटाचा मसुदा गावाला मराठीत, गट नंबरासकट का मिळत नाही?

वरकस
केंद्राने ३१ जुलै २०२४ला पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा, म्हणजे जिथे खाणकामासारख्या गोष्टींवर बंधनं येतात त्या भागाचा, सहावा मसुदा काढला. पहिला २०१४चा. महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर त्यात आहे आणि हरकतींना मुदत ६० दिवसांची. राजपत्र हिंदी-इंग्रजीत. आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर त्यातल्या गावांच्या यादीचं एक पान टाचलं होतं. गावाचं नाव रोमन लिपीत, गट नंबर एकही नाही. एक आजोबा सातबारा घेऊन आले, "माजी काजूची बाग ह्येच्यात इली काय?" कोणालाच सांगता आलं नाही.

तोवर गावात पसरलं की जमीन विकता येणार नाही, घराची कौलं बदलता येणार नाहीत. मसुद्यात तर उलट लिहिलंय, मालकी हस्तांतरावर बंधन नाही, राहत्या घराची दुरुस्ती-वाढ करता येते. हे मराठीत चार ओळींत लावलं असतं तर निम्मी भांडणं झाली नसती.

कागद दडवायची खोड जुनी आहे. पश्चिम घाटाचा अभ्यास करायला केंद्राने नेमलेल्या गाडगीळ समितीने अहवाल ऑगस्ट २०११मध्ये दिला. माहिती अधिकारात मागितला तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नकार दिला. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो खुला करायला सांगितलं, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथेही हरलं, तेव्हा कुठे मे २०१२मध्ये तो लोकांपुढे आला.

चिरेवाला
भाषांतर करा, जरूर करा. पण माझा विरोध कागद न वाचता केलेला नाही, वाचून केलेला आहे. हा मसुदा ज्यावर बेतलाय त्या, गाडगीळांनंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीच्या निकषात गावाचा २० टक्के भाग नैसर्गिकदृष्ट्या संवेदनशील निघाला की अख्खं गाव आत. उरलेल्या ८० टक्क्यांत कोणाची शेती, कोणाची कलमं आहेत, हे कुणी पाहिलं? खाणकामाबरोबर दगडखाणीही बंद, चालू आहेत त्यांना जास्तीत जास्त पाच वर्षं. आमच्याकडे घरं जांभ्या चिऱ्याची. खाणीवर वीस माणसं कामाला आहेत, त्यांना मराठीत नोटीस वाचून दाखवली म्हणून रोजगार मिळणार का?

सह्याद्रीची लेक
दोघांचंही पटत नाही. ३० जुलै २०१४ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. त्यानंतर तळिये, इर्शाळवाडी. आणि आपण दहा वर्षं मसुदा, हरकती, पुन्हा मसुदा करतोय. प्रत्येक गट नंबर तपासत बसलात तर आणखी दहा वर्षं जातील. आधी डोंगर वाचवा, यादीतल्या चुका मागाहून दुरुस्त करता येतील.

वरकस
ताई, घाई मलाही आहे. पण इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती, हे तेव्हा सरकारनेच सांगितलं. यादी वरून आली की असं होतं. कुठल्या वहाळाचं पाणी गढूळ झालं, कुठल्या उतारावर भेग पडली, हे गुरं चारणाऱ्याला आधी कळतं. गाडगीळ समितीने साधारण ९ किलोमीटरच्या चौकोनांत घाट मोजला, पण शेवटची हद्द ग्रामसभेला विचारून ठरवा म्हटलं. सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी तर आम्हाला संवेदनशील करा असे ठराव त्या समितीकडे दिले होते. लोक सरसकट विरोधात नाहीत.

आणि चिरेवाले, २० टक्क्यांच्या निकषाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण कुठले २० टक्के, हे नकाशावर दिसल्याशिवाय तुम्ही हरकत तरी कशावर घेणार?

चिरेवाला
गट नंबरवार नकाशा तलाठ्याकडे लावा, हरकत मीच लिहितो, आणि ज्या उतारावर खाण नको तो उतारही दाखवतो, कारण तिथे पावसात माती सुटते हे मी बघितलंय. पण त्या वीस माणसांचं काय, ते त्याच कागदावर लिहून द्या.