परदेशी अभ्यास सहल: मुलीला हातखर्चाला किती पैसे द्यावेत?

प्रश्न
८ दिवसांची सहल आहे, मुलगी १६ वर्षांची. प्रवास, मुक्काम, नाश्ता आणि रात्रीचं जेवण शुल्कात आहे. बाकीच्या खर्चाचा आकडा कसा काढायचा? रोख किती, कार्डावर किती?

उत्तर १
बाकीचे पालक किती देताहेत ते विचारू नका, सहलीचं वेळापत्रक घेऊन बसा. प्रत्येक तारखेपुढे लिहा: कोणतं जेवण शुल्कात नाही, कोणतं तिकीट आपलं आपण काढायचं, मोकळा वेळ किती.

मुक्कामाच्या भागातल्या साध्या उपाहारगृहाचं मेनूकार्ड ऑनलाइन बघा आणि एका जेवणाचा तिथला भाव हेच माप धरा. मधल्या ६ दिवसांची ६ जेवणं. जाण्यायेण्याचे २ दिवस विमानतळावर जातात, तिथे खाणं महाग, म्हणून दीडपट धरून ३. पाणी आणि किरकोळ खाणं रोज एकतृतीयांश जेवणाइतकं, म्हणजे ८ दिवसांचं सुमारे ३. भेटवस्तूंना ४. झाले १६. त्यावर पाचवा हिस्सा राखीव, म्हणजे साधारण १९ जेवणांचे पैसे. स्वतः काढायची तिकिटं आणि बसभाडं यात धरलेलं नाही, ते वेगळं मिळवा.

उत्तर २
पाव हिस्सा रोख, तोही लहान नोटांत. बाकी प्रीपेड फॉरेक्स कार्डावर (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड), पण त्यासाठी वयाची अट आहे का ते आधी विचारा. कार्ड जिथे जायचं त्याच देशाच्या चलनात भरा. दुसऱ्या चलनात भरलं तर बहुतेक कार्डांवर प्रत्येक खरेदीला रूपांतर शुल्क कापलं जातं. दुकानातलं यंत्र किंवा एटीएम ‘तुमच्या देशाच्या चलनात पैसे भरायचे का?’ असं विचारतं, तिथे नेहमी स्थानिक चलनच निवडायचं. नाहीतर दर ते यंत्र लावतं आणि तो जवळजवळ नेहमी महाग पडतो. हे मुलीला निघण्याआधी समजावून सांगाच. एटीएमला बहुतेकदा दर वेळी ठरावीक शुल्क लागतं, म्हणून थोडे थोडे पैसे चारदा काढू नयेत.

आणखी एक अडचण हमखास येते: ओटीपी घरच्या नंबरवर येतो आणि रोमिंग बंद असतं. ते निघण्याआधी सुरू करून घ्या.

प्रश्नकर्ती
पहिल्या दोन दिवसांतच सगळे संपवले तर?

उत्तर १
रोख रक्कम तारखेप्रमाणे पाकिटांत घालून द्या, राखीव रक्कम शिक्षकांकडे. भेटवस्तूंचं पाकीट शेवटच्या तीन दिवसांत उघडायचं, तोवर भावांचा अंदाज आलेला असतो. पाकीट आणि कार्ड एकाच पिशवीत नको.

उत्तर ३
भेटवस्तूंचं वजन सामानाच्या मर्यादेत बसवा, जादा वजनाचं शुल्क वस्तूपेक्षा जास्त होतं. अत्तर, जॅम असलं काही घेतलं तर चेक-इन बॅगेत ठेवा. हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली बहुतेक विमानतळांवर काढून घेतात. नाणी शेवटच्या दोन दिवसांत आधी खर्चायची. चलन बदलणारे सहसा फक्त नोटा घेतात.