ब्रूस ली खरंच लढणारा होता की फक्त पडद्यावरचा?

भिंतीवरचं_पोस्टर
नमस्कार मंडळी. परवा ऑफिस सुटल्यावर टपरीवर एका मित्राशी चांगलीच जुंपली. त्याचं म्हणणं, ब्रूस ली हा नुसता सिनेमातला हिरो, आयुष्यात एकही प्रोफेशनल फाइट खेळला नाही, आजकालचा दोन वर्षं एमएमए (पंच, लाथा, कुस्ती सगळं चालतं तो लढतीचा खेळ) केलेला पोरगासुद्धा त्याला खाली घेऊन गळा आवळेल. मी लहानपणापासून त्याचं पोस्टर भिंतीवर लावून वाढलोय त्यामुळे मला ते लागलं, पण खरं सांगायचं तर उत्तर देता आलं नाही, कारण मला माहिती आहे ती सगळी सिनेमातलीच. माझा पुतण्या १३ वर्षांचा आहे, त्याला क्लास लावायचाय आणि तो दिवसभर मोबाईलवर ब्रूस लीच्या एक इंच पंचचे (फक्त इंचभर अंतरावरून मारलेला ठोसा) व्हिडिओ बघत असतो. त्याला मला खरं काय ते सांगायचंय. ज्यांनी स्वतः काही शिकलंय त्यांनी प्लीज लिहा.

घामाचा_गी
मी १६ वर्षं कराटे केलं आणि नंतर ज्युडो, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितोय.

तुमच्या मित्राचं एक बरोबर आहे, प्रोफेशनल रेकॉर्ड शून्य. पण रेकॉर्ड नाही म्हणजे लढलाच नाही असं नाही. हाँगकाँगमध्ये तो इप मॅन या वस्तादाकडे विंग चुन ही कुंगफूची पद्धत शिकला आणि त्यातला बराचसा सराव वाँग शुन लिउंगबरोबर झाला, जो स्वतः गच्चीवरच्या चॅलेंज फाइट्ससाठी प्रसिद्ध होता. १९५८ ला शाळांच्या बॉक्सिंग स्पर्धेत उतरला आणि जिंकला. (त्याच वर्षी चा-चा डान्सची स्पर्धाही जिंकलाय, आणि त्याचे पाय बघितले की ते पटतं.) १९५९ ला अमेरिकेत गेला, सिएटलमध्ये शिकवायला लागला, तिथे एका जपानी कराटेवाल्याने आव्हान दिलं आणि ती फाइट काही सेकंदांत संपली असं त्याचे तेव्हाचे विद्यार्थी सांगतात.

आता मुख्य गोष्ट. १९६४ च्या शेवटी ओकलंडला त्याच्या स्वतःच्या क्लासमध्ये वाँग जॅक मॅन या दुसऱ्या कुंगफू शिक्षकाबरोबर बंद दाराआड फाइट झाली. ब्रूसची बायको लिंडा लीच्या म्हणण्याप्रमाणे तीनेक मिनिटांत ब्रूस जिंकला, दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात वीस-एक मिनिटं चालली आणि निकाल असा काही लागलाच नाही. लोक यावरच भांडत बसतात. मला मात्र त्यानंतर त्याने काय केलं ते महत्त्वाचं वाटतं. त्याला धाप लागली होती, समोरचा पळत होता आणि विंग चुनच्या जवळून मारायच्या हातांनी तो आटोक्यात येत नव्हता, आणि हे त्याला स्वतःलाच खुपलं. मग पळणं सुरू केलं, वजनं उचलायला लागला, मोहम्मद अलीच्या फाइट्सच्या फिल्म पुन्हा पुन्हा बघायचा, फेन्सिंगमधून समोरच्याचा वार येतानाच त्याला अडवून मारायची कल्पना उचलली. १९६७ ला त्याने स्वतःच्या ज्या पद्धतीला जीत कुन दो नाव दिलं ती यातूनच आली. ज्या पद्धतीत वाढलो तीच अपुरी पडतेय हे कबूल करून सगळं नव्याने मांडायला फार मोठं काळीज लागतं. मला स्वतःला कराटे सोडून ज्युडोच्या मॅटवर पांढरा पट्टा बांधून उभं राहायला दोन वर्षं लागली म्हणून सांगतोय.

आणि पुतण्याच्या एक इंच पंचबद्दल. १९६४ चा लाँग बीचच्या कराटे स्पर्धेतला डेमो नीट बघायला सांगा. समोरचा माणूस हलत नाहीये आणि त्याच्या मागे खुर्ची आहे. ब्रूसचा मागचा पाय बघा, टाच उचलली जाते, गुडघा सरळ होतो, कंबर फिरते आणि शेवटी मनगट वर झटकतं, म्हणजे एक इंच फक्त हाताचा, ताकद जमिनीपासून येतेय. ते खरंच आहे, पण उभ्या माणसावर आहे. हलत्या माणसावर कुणीही तो पंच जसाच्या तसा मारत नाही.

लालमाती
मी तालमीतला माणूस, मला ते कुंगफू-बिंगफू काय कळत नाय, पण त्या मित्राला एक विचारा, वजन किती धरलंय? ब्रूस ली ६०-६५ किलोच्या आतबाहेरचा. आपले खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ घेऊन आले ते ५७ किलोच्या गटात, त्यांना कोण विचारत नाय की शंभर किलोच्या मल्लाला पाडलं असतं का. वजनाचा गट असतो त्याला कारण असतंय. ९० किलोचा शिकलेला गडी अंगावर आला की ६० किलोवाल्याला जड जाणारच, त्यात कमीपणा कसला.

दुसरं, वस्ताद आम्हाला नवीन डाव शिकवायचे तेव्हा आधी जोडीदार ढिला सोडायला लावायचे. त्यात ढाक एकदम झकास बसायची. मग म्हणायचे आता लढत करा. आणि तोच जोडीदार मान आखडून, मनगट धरून, पाय मागं टाकून उभा राहिला की त्याच ढाकेत मीच खाली. घामानं हात निसटतोय, तोंडात माती, आणि दम असा उखडतोय की छाती फुटंल असं वाटतंय. तिसऱ्या मिनिटाला जे हातात राहतं तेवढाच डाव आपला. त्यामुळं वर जे ओकलंडचं लिहिलंय की त्याला धाप लागली आणि तेच त्याला खटकलं, ते वाचून हा माणूस खरा लढलेला आहे हे मला पटलं. न लढलेल्याला दमाची किंमत कळत नाय.

फ्रेम_बाय_फ्रेम
वरच्या दोघांशी सहमत, मी एडिटिंगचं काम करतो त्यामुळे पडद्याच्या बाजूने लिहितो. सिनेमातली फाइट बघून कुणाचीच लढायची लायकी ठरवता येत नाही, पण काही गोष्टी लपत नाहीत. पहिली म्हणजे त्याचे शॉट लांब असतात, चार-पाच हालचाली सलग दिसतात, कट मारून स्पीड बनवलेला नाही. द ग्रीन हॉर्नेट या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या वेळी तर उलट त्याला हळू कर म्हणून सांगावं लागलं, कॅमेऱ्यात हात दिसेनात म्हणून.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो एंटर द ड्रॅगनचा सुरुवातीचा सीन, सॅमो हंगबरोबरचा. हातात बोटं उघडी असलेले ग्लोव्ह्ज, पंच आहेत, लाथा आहेत, उचलून आपटणं आहे आणि शेवट जमिनीवर हात अडकवून हार मानायला लावण्यात. १९७३ चा सिनेमा आहे हो! तुमच्या मित्राला म्हणावं एमएमए एमएमए करतोस ना, हे बघ. आणि जमिनीवरचं त्याला थोडंफार का येत होतं, तर ग्रीन हॉर्नेटच्या सेटवर जीन लबेल भेटला, जो स्टंटमन होता आणि त्याआधी अमेरिकेचा ज्युडो चॅम्पियन, त्याच्याकडून शिकून घेतलं.

जेट लीचं उदाहरण पण घ्या, तो वूशूत (चिनी मार्शल आर्टचा खेळ) चीनचा पाच वेळा राष्ट्रीय चॅम्पियन, पण ते ताओलू म्हणजे ठरलेल्या हालचाली करून दाखवायच्या, प्रतिस्पर्धी समोर नाही. वूशूतलं लढायचं ते सांदा, तो वेगळा प्रकार. अंगाची तयारी म्हणून ताओलू थक्क करणारं आहेच, पण लढण्याचा पुरावा म्हणून ते धरू नये.

भिंतीवरचं_पोस्टर
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. एक राहिलं, मग आजच्या त्याच्याच वजनाच्या एमएमए फायटरसमोर काय झालं असतं? आणि पुतण्यासाठी क्लास बघताना काय बघू?

घामाचा_गी
स्पष्ट सांगतो, आजचा ६१ किलो गटातला चांगला व्यावसायिक फायटर त्याला हरवेल असं माझं मत आहे. त्यात ब्रूसचा अपमान नाही. आजच्या पोराला लहानपणापासून कुस्ती, बॉक्सिंग, जुजुत्सू एकाच छताखाली मिळतं, ब्रूसला ते तुकड्यातुकड्याने स्वतः गोळा करावं लागलं, आणि ३२ व्या वर्षी तर गेलाच. १९७० मध्ये गुडमॉर्निंगचा (खांद्यावर वजन घेऊन कमरेतून वाकायचा) व्यायाम करताना पाठ इतकी दुखावली होती की कित्येक महिने पडून होता, डॉक्टर म्हणाले होते लाथ मारणं विसरा. मोठे सिनेमे सगळे त्याच्यानंतरचे आहेत. शिवाय चक नॉरिस, जो लुईस हे कराटेतले खरे चॅम्पियन त्याच्याबरोबर सराव करायचे, आणि लुईस पुढे अमेरिकेतल्या किकबॉक्सिंगच्या अगदी पहिल्या फळीत होता आणि त्याचं श्रेय तो ब्रूसला द्यायचा. खेळणाऱ्या माणसाने दिलेली पावती मी जास्त धरतो.

क्लासचं म्हणाल तर फी, पट्टे, भिंतीवरची सर्टिफिकेटं बाजूला ठेवा. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी न सांगता जा आणि शेवटची वीस मिनिटं बसून बघा. पोरं हेडगिअर, माउथगार्ड घालून एकमेकांशी स्पॅरिंग (सरावाची लढत) करतात का, समोरचा खरंच विरोध करतोय का, आणि एखादं पोरगं रडवेलं झालं तर सर थांबवून त्याच्याजवळ जातात का. ब्रूसचं १९६७ च्या लाँग बीचचं फुटेज आहे, त्यात तो विद्यार्थ्याबरोबर अंगावर पॅड आणि हेडगिअर चढवून स्पॅरिंग करतोय. त्या काळात कराटेवाले बहुतेक अंगाला न लागता थांबवायचे. पुतण्याला एक इंच पंचच्या आधी ते दाखवा.

लालमाती
आणि जवळपास तालीम असंल तर सकाळी पाचला एकदा पोराला घेऊन जा. लंगोट नसला तरी चालतंय, नुसतं काठावर बसून बघू द्या.