तिसरं कारण पाहिजे होतं ना? घ्या!

वडगावचा माग:
काल टिळकवाडीकर साहेबांनी इथं लिहिलं की देव मानणाऱ्यांकडे दोनच कारणं असतात, भीती नाहीतर सौदा. तिसरं कुणी दाखवलं तर म्हणे ते येत्या मार्गशीर्ष पुनवेला सौंदत्तीत यल्लमाच्या डोंगरावर परडी, म्हणजे देवीची टोपली, भरतील. खाली सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. मी रात्री माग बंद करून आडवा झालो, झोप येईना. म्हणून लिहितोय. लांबेल.

२०१६ साली माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या. वय चौतीस. आठवड्याला दोनदा डायलिसिस. आई यल्लमाला बोलली, पोरगं उठून बसलं तर दंडवत घालत डोंगर चढेन. सौदाच होता, कबूल. आठ महिन्यांत भाऊ गेला.

त्या मार्गशीर्षात आई म्हणाली, डोंगराला जायचंय. बाबा म्हणाले, आता कशाला? तिनं उत्तर दिलं नाही, भाकरीचं पीठ काढायला घेतलं. गेलो. जोगुळभावीला आंघोळ, तिथून वर, मग साडेचार तास रांगेत. आईच्या परडीत पाच लिंबं, खण, केळी, भंडाऱ्याची पुडी. दारापाशी पोचलो तेव्हा मागनं रेटा, पोलीस "मुंदे होग्री, मुंदे होग्री" (पुढं चला) ओरडतोय, आणि ही उंबऱ्याला हात टेकून म्हणाली, "फेडायला आले नाही. सांगायला आलेय. तू माझं ऐकलं नाहीस." मोठ्यानं. पुढची बाई वळून बघायला लागली. मग आईनं भंडारा कपाळाला लावला, उरलेला पदराच्या टोकाला बांधला. खाली येऊन झाडाखाली बसलो. भाऊ गेल्यापासून त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. दोन भाकऱ्या, वांगं, कांद्याची पात.

ज्याला घाबरतो त्याच्या दारात जाऊन कुणी भांडत नाही. आणि सौदा तर आधीच बुडाला होता. भावाचा राग मी डॉक्टरवर काढला, बायकोवर काढला, एकदा मागाचा धोटा फेकून भिंतीचा गिलावा पाडला. आईकडं राग नेऊन ठेवायला एक दार होतं. ते मलापण पाहिजे, एवढंच माझं कारण. साहेब, परडी विकत घेऊन ठेवा.

टिळकवाडीकर:
आईंबद्दल आदर आहे, त्यात वाद नाही. पण तुम्ही जे सांगितलंत त्याला मन मोकळं करणं म्हणतात. ते विहिरीशी बोलूनपण होतं. देव आहे हे त्यातनं कुठं सिद्ध झालं? आई जेवल्या, बरं झालं. यल्लमानं जेवू घातलं नाही, चार तास उभं राहून भूक लागली.

वडगावचा माग:
सिद्ध करतो असं मी कुठं म्हटलं? तुम्ही कारण मागितलं होतं, पुरावा नाही. वर स्वतःची पोस्ट वाचा की.

खानापूरची कौलं:
विषय निघालाच आहे म्हणून. डोंगरावर मार्गशीर्षात बरीच गर्दी कोल्हापूर-सांगली आणि आपल्या बेळगावकडची. तरी रांग कुठली, दर्शन कुठलं, लाडू कुठं, सगळ्या पाट्या कानडीत. माझी आजी आंबीलवाल्यांच्या मागं मागं जाऊन चुकीच्या रांगेत दोन तास उभी राहिली. दक्षिणा मराठी माणसाची चालते, अक्षरं चालत नाहीत!

गोकाकचा करदंट:
अहो कौलं, देवी आहे की बस स्टँड? ज्या विठोबासाठी तुम्ही पंढरपूरला चालत जाता त्याला ज्ञानेश्वरांनीच कानडा म्हटलंय. तिथं आमच्या भागातनं दिंड्या जातात, त्यांना कानडीत पाटी कोण लावतं?

खानापूरची कौलं:
कानडा म्हणजे कर्नाटकातला हा एकच अर्थ नाही. न कळणारा, अगाध असापण अर्थ लावतात.

गोकाकचा करदंट:
त्याच ओळीत पुढं "कर्नाटकु" पण आहे. त्याचापण अगाध अर्थ लावता का?

निपाणीचा तंबाखू:
झालं सुरू. आता १९५६ येणार, महाजन येणार, मग सुप्रीम कोर्ट.

खानापूरची कौलं:
येणारच! ५६ ला भाषावार राज्यं झाली तेव्हा आम्हाला न विचारता इकडं टाकलं. सीमावादावरच्या महाजन आयोगानं १९६७ ला अहवाल दिला, त्यात निपाणी-खानापूर महाराष्ट्राला आणि बेळगाव इकडंच. तेवढंपण झालं नाही. २००४ पासून दावा कोर्टात पडलाय. २०१४ ला बेळगावचं बेळगावी करून नावाची पाटीपण बदलली. देवावर विश्वास ठेवायचं माझं कारण सांगू? तारीख मिळावी म्हणून.

गोकाकचा करदंट:
ही मात्र भीती नाही आणि सौदापण नाही. खरी भक्ती.

शहापूरची सून:
माझं माहेर चिक्कोडीकडचं, घरात कानडी. आईला मराठी येत नाही, सासूबाईंना कानडी येत नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, दोघींचं बोलणं "बरं आहे का" च्या पुढं गेलेलं नाही. पण वर्षातनं एकदा दोघी डोंगरावर एकमेकींची ओटी भरतात आणि दोघीपण रडतात. पाटी कुठल्या भाषेत होती ते मी कधी बघितलं नाही. पुरुषांना बघायला वेळ असतो, कारण पिशव्या आमच्याकडं असतात.

माझं कारण सांगते. मुलगा सातव्या महिन्यात झाला, दीड किलोचा, एकवीस दिवस काचेच्या पेटीत. वाचला. डॉक्टरांचे आभार मानले, नर्सबाईंना साड्या दिल्या. तरी काहीतरी उरलं होतं. ते कुणाला द्यायचं ते कळेना. म्हणून देव.

टिळकवाडीकर:
ताई, दीड किलोचं मूल पेटीनं वाचवलं. ज्या घरांना पेटी परवडली नाही त्यांची मुलं देवानं का वाचवली नाहीत?

शहापूरची सून:
पेटीला हळदी-कुंकू लावून आले असते, पण नर्सबाईंनी सोडलं नाही.

निपाणीचा तंबाखू:
मी ना इकडचा ना तिकडचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा यमगर्णीला हायवेवर आली तेव्हा आमच्या गावचा मारुती छातीपर्यंत पाण्यात होता. म्हशी आम्ही सोडवल्या, मारुतीला कोण सोडवणार? तेव्हा मी ठरवलं, ज्याला स्वतःला पोहता येत नाही त्याला नारळ बंद. पाणी उतरलं. प्रत्येकाच्या घरात गुडघाभर गाळ, गोडाऊनमधला तंबाखू सडलेला, वास सहन होईना. आणि गावानं पहिलं काय केलं? सगळ्यांनी मिळून मारुती धुतला. मीपण बादल्या वाहिल्या. का, ते आजतागायत सांगता येत नाही. कुणी विचारू नका.

टिळकवाडीकर:
हे सगळं गोड आहे. पण या गोडव्याखाली काय काय खपतं ते बोलायचं नाही का? ज्या डोंगरावर तुम्ही ओट्या भरता तिथंच पोरी देवदासी म्हणून देवीला सोडल्या जात होत्या. कर्नाटकाला त्यासाठी १९८२ ला कायदा करावा लागला. बोलणाऱ्यांचं काय होतं तेपण माहीत आहे. २०१३ ला दाभोलकर, २०१५ ला पानसरे, त्याच वर्षी धारवाडात कलबुर्गी, तिघांनाही गोळ्या घातल्या. कलबुर्गी सर तर राहत्या घराच्या दारात.

वडगावचा माग:
त्या गोळ्या झाडणाऱ्यांशी माझ्या आईचा काय संबंध? नीट बोला. आई मेलेल्या पोराचं दुःख घेऊन गेली होती, पिस्तूल घेऊन नाही.

खानापूरची कौलं:
यांनी घरात काय सोसलंय? टिळकवाडीत बंगला, दारात कुत्रं, वर्षातनं एकदा ६ डिसेंबरला, भूत नसतं हे दाखवायला, सदाशिवनगरच्या स्मशानात जाऊन चहा पिणार आणि आम्हाला शिकवणार.

टिळकवाडीकर:
होय, स्मशानात रात्र काढलीय. भूत आलं नाही, डास आले.

आणि घरात काय सोसलंय विचारता, तर ऐका. बंगला माझा आहे, जन्म तिथला नाही. माझी आत्या अकरा वर्षांची असताना तिच्या केसात जट झाली. खेड्यात साबण नाही, तेल नाही, उवा होत्या, गुंता झाला. एका म्हातारीनं सांगितलं, देवीची हाक आहे. आजोबांनी तिला डोंगरावर नेऊन गळ्यात दर्शन बांधलं. लाल-पांढऱ्या मण्यांची माळ. कायदा यायच्या आधीची गोष्ट. पुढं तिचं काय झालं ते इथं लिहिणार नाही. एक फणी आणि खोबरेल, एवढ्यात वाचली असती. तुमच्या आईला भांडायला दार मिळालं, माझ्या आत्याला त्याच दारात ठेवून आले.

वडगावचा माग:
हे माहीत नव्हतं. कालच्या पोस्टमध्ये हे लिहिलं असतंत तर मी असा भांडलो नसतो.

गोकाकचा करदंट:
आमच्या बसवण्णांनी बाराव्या शतकातच सांगून ठेवलंय, पाय हेच खांब, देह हेच देऊळ. देवळाबाहेर देव आहे म्हणणारे आमच्याकडं पहिल्यापासून आहेत.

टिळकवाडीकर:
आणि आता त्याच बसवण्णांच्या मूर्तीला हार घालताय.

गोकाकचा करदंट:
घालतो. खोटं कशाला बोलू.

शहापूरची सून:
भाऊ, रागवू नका, एक विचारते. आत्या आहेत का?

टिळकवाडीकर:
आहे. सत्तरी झाली. माझ्याकडंच असते.

शहापूरची सून:
त्या देव मानतात?

टिळकवाडीकर:
हाच प्रश्न कुणीतरी विचारणार हे माहीत होतं. मानते. दरवर्षी डोंगराला जाते. माळ कधीच तोडून टाकलीय, पण जाते. मी शंभरदा विचारलं, जिनं तुझं वाटोळं केलं तिच्याकडं कशाला? ती म्हणते, तिनं कुठं केलं, तुझ्या आजोबानं केलं. बस झेपत नाही म्हणून मीच गाडीनं नेतो. आत जात नाही. तुमच्या गोष्टीनं माझं मत बदललं असं कुणी समजू नये.

वडगावचा माग:
मग परडीचं काय?

टिळकवाडीकर:
परडी आत्या भरते. मी फक्त धरून उभा असतो. ते मोजायचं असेल तर मोजा.

निपाणीचा तंबाखू:
मी बादल्या वाहिल्या, तुम्ही परडी धरली. चला, जोडी जमली.

वडगावचा माग:
या पुनवेला आम्ही पण आहोत. जोगुळभावीच्या अलीकडं वडाखाली बसतो. आत्यांना घेऊन या, आई भाकरी जास्त आणेल. तुम्ही देवळात येऊ नका, जेवायला या.

टिळकवाडीकर:
वांग्यात तिखट कमी असेल तर.

खानापूरची कौलं:
पार्किंगची पावती कुठल्या भाषेत असते तेवढं बघून सांगा.