दुकानाचे एसएमएस गिऱ्हाइकांना कसे पाठवायचे? सल्ला हवाय

शहापूर_पेठ:
नमस्कार मंडळी, बेळगावात शहापुरात आमचं साडीचं दुकान हाय, इरकल, खण वगैरे. मागल्या श्रावणात मी माझ्याच दहा आकडी नंबरवरनं तीन-चारशे जणांना 'नवीन माल आलाय' म्हणून मेसेज टाकले, तक्रारी गेल्या आणि पंधरा दिवस आउटगोइंग बंद, ऐन सणाच्या तोंडावर विणकरांना फोन करायला शेजाऱ्याचा मोबाईल मागावा लागला. आता एक एजंट म्हणतोय रजिस्ट्रेशन नको, आमच्या सिमवरनं पाठवतो. देऊ काय त्याला काम?

खानापूरकर:
अजिबात देऊ नका! परत तेच झालं तर वर्षभरासाठी तुमची सगळी कनेक्शनं बंद करायचा ट्रायचा, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. सरळ डीएलटीवर, म्हणजे धंद्याचे मेसेज पाठवणाऱ्यांसाठी टेलिकॉम कंपन्यांचं नोंदणी पोर्टल असतं त्यावर, दुकानाची नोंदणी करा, पॅन आणि जीएसटीचे कागद लागतात, मग हेडर, म्हणजे मेसेज कुणाचा ते दाखवणारा छोटा कोड, घ्यायचा आणि मेसेजचा मजकूर टेम्प्लेट म्हणून आधी मंजूर करून घ्यायचा. मंजूर मजकुरापेक्षा वेगळं काही लिहिलं की मेसेज अडकतो. लिंक टाकणार असाल तर तीही नोंदवायची, 1 ऑक्टोबर 2024 पासून न नोंदवलेली लिंक असली की मेसेज जातच नाही. आणि जाहिरातीचा मेसेज सकाळी 10 ते रात्री 9 मध्येच.

निपाणी_वाली:
मराठीत पाठवणार असाल तर एक लक्षात ठेवा, इंग्रजी अक्षरांत एका मेसेजला 160 जागा मिळतात, देवनागरीत आणि कन्नडमध्ये फक्त 70, आणि काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतात. 'साड्या' दिसायला दोन अक्षरी पण जागा सहा खातो! 70 च्या वर गेला की दोन मेसेजचे पैसे. तरीपण मी देवनागरीच सांगेन, आमच्या आईच्या वयाच्या बायका इंग्रजी अक्षरातली मराठी वाचतच नाहीत, आणि साडी घेणाऱ्या त्याच की वो. मजकूर तोडा, 'शुभेच्छा' वगैरे काढा, माल आणि वार तेवढा ठेवा.

शहापूर_पेठ:
हे कुणी सांगितलंच नव्हतं, लई उपकार. बिलबुकातले जुने नंबर वापरले तर चालतील न्हवं?

खानापूरकर:
नाही ओ, बिलासाठी नंबर दिला म्हणजे जाहिरातीला हो म्हटलं असं होत नाही. 1909 वर डीएनडी, म्हणजे 'जाहिराती नकोत' अशी नोंद, लावलेल्यांना तर प्रमोशनल मेसेज ऑपरेटरच गाळून टाकतो. परवानगी डीएलटीवर नोंदवायची सोय आहे ती वापरा, आणि बंद करायचा मार्ग मेसेजमध्येच द्या.

निपाणी_वाली:
काउंटरवर विचारतानाच मराठी की कन्नड तेही विचारा. आम्ही वहीत नंबरापुढे म किंवा क लिहितो. अथणीच्या एक बाई आहेत, कन्नडमध्ये मेसेज गेल्यावर पहिल्यांदाच फोन करून आल्या. कन्नडचं टेम्प्लेट मात्र वेगळं मंजूर करून घ्यावं लागतं, त्याला दिवस जातात, गणपतीआधी हवं असेल तर आत्ताच टाका.

शहापूर_पेठ:
उद्याच कागद काढतो. एजंटला नको म्हणून आत्ताच सांगितलं.