आर्ट सिनेमावाल्याच्या हाती वीस कोटी डॉलर: चालेल की आपटेल, कसं ओळखायचं?

राजवाडा_मॅटिनी
महोत्सवातली पदकं बाजूला ठेवा, बजेटची पायरी बघा. नोलान 'मेमेंटो' (सुमारे ९० लाख डॉलर), 'इन्सोम्निया' (४.६ कोटी) असं चढत 'बॅटमॅन बिगिन्स'च्या १५ कोटींवर पोचला. क्लोई झाओ 'नोमॅडलँड'च्या सुमारे ५० लाखांवरून थेट 'इटर्नल्स'च्या २० कोटींवर. जगभरात जमले ४० कोटी. त्यातले निम्मे थिएटरवाल्यांचे, वर जाहिरातीचा खर्च. उरलं काय?
छोट्या युनिटात सेटवर सुचेल तसा सीन फिरवता येतो. मोठ्या सिनेमात प्रीव्हिज (शूटिंगआधी संगणकावर बनवलेला सीनचा कच्चा आराखडा) आधीच पक्कं झालेलं असतं आणि शॉट व्हीएफएक्सला गेल्यावर तीन सेकंद वाढवले तरी नवं बिल येतं. माझा नियम: दहापटीच्या वर उडी म्हणजे धोका.

छप्पनचा_जोशी
नियम दोन्हीकडून गळतोय. दिग्दर्शक तायका वायटिटी २५ लाख डॉलरच्या सिनेमावरून पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, 'थॉर: रॅग्नारॉक'च्या १८ कोटींवर गेला. सत्तरपट उडी, गल्ला ८५ कोटी. उलट अँग ली 'क्राउचिंग टायगर'च्या १.७ कोटींवरून 'हल्क'च्या १३.७ कोटींवर, म्हणजे तुमच्या दहापटीच्या आतच. तरी दुसऱ्या वीकेंडला कमाई ७० टक्के घसरली.

राजवाडा_मॅटिनी
थॉरला मार्व्हल या सुपरहिरोवाल्या स्टुडिओची सगळी यंत्रणा होती. प्रीव्हिज, सेकंड युनिट (ॲक्शनसारखे सीन वेगळे शूट करणारी दुसरी तुकडी), सगळं तयार.

छप्पनचा_जोशी
आणि झाओच्या मागे कोण होतं, इंदूरच्या यशवंत निवास रोडचा केबलवाला? स्टुडिओ तोच! फरक पटकथेत आहे. थॉरची ओळख आधीच झालेली, म्हणून वायटिटीला पहिल्या रीळापासून विनोद करायला मोकळीक. झाओला अडीच तासांत दहा नवे नायक उभे करायचे होते. प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटं येतात ते मोजा. तिथे नैसर्गिक उजेडातली सुंदर फ्रेम काय करणार?

सीआय_सर्किट
दोघेही शुक्रवारबद्दल बोलताय. शुक्रवार स्टारचा आणि ट्रेलरचा. दिग्दर्शक दिसतो सोमवारी. सोमवार शुक्रवारच्या निम्म्यावर टिकला तर सिनेमा उभा राहतो. २००९ च्या करारापासून मल्टिप्लेक्समधला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, ३७.५, ३०. म्हणजे सावकाश चढणाऱ्या सिनेमाचे पैसे येतात तेव्हा आपला, म्हणजे वितरकांचा, वाटा उतरलेला असतो. म्हणून इंदूरला बसून सीआयचे (सेंट्रल इंडिया या वितरण-विभागाचे) हक्क घेताना अशा नावावर एमजी (मिनिमम गॅरंटी, म्हणजे सिनेमा पडला तरी परत न मिळणारी ठरावीक रक्कम) द्यायची नाही. कमिशनवर घ्या, म्हणजे कमाईतून फक्त आपली टक्केवारी, फार तर परतीच्या अटीवर ॲडव्हान्स. अनुराग कश्यपचा आपटलेला 'बॉम्बे वेल्वेट' आठवतोय ना?

राजवाडा_मॅटिनी
आणि 'सैराट'? 'फँड्री'वाल्यानंच केला. एमजी नाकारणारा तिथे हात चोळत बसला असता.

सीआय_सर्किट
भिया, त्याचं बजेट जेमतेम चार-पाच कोटी रुपये होतं. एवढ्यावर एमजी मीही देईन. वीस कोटी डॉलरवाल्यासाठी मात्र आधी पटकथा दाखवा, पात्रं मोजू द्या, मग आकडा बोलू.

छप्पनचा_जोशी
म्हणजे शेवटी माझंच खरं. पात्रं मोजा.